मलपृष्ठावरचा चेहरा

आईचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. किती साधा, तर त्या दिवशी तिने अकरा चष्मे बसवले, फ्रेमच्या रंगावरून एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घातली, आणि डबा उघडल्यावर "आज मीठ विसरलेच वाटतं" म्हणत तोच डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला. मी चार वाजता दुकानात पोचले तेव्हा ती स्टुलावर बसवलेल्या एका बसचालकासमोर बसली होती. त्याचा जुना चष्मा काढून बाजूला ठेवला होता आणि डोळ्यांसमोर फूटपट्टी आडवी धरून ती त्याच्या बुबुळांमधलं अंतर मोजत होती. दोघांच्या नाकांमध्ये जेमतेम वीतभर जागा.

"हलू नका. माझ्या कपाळाकडे बघा."

"कपाळ दिसतंय कुठे, बाई. सगळं धुकं आहे."

"मग धुक्याकडे बघा."

तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू? गेले चार महिने मला पाट्याच वाचता येत नाहीत. थांबे तोंडपाठ आहेत म्हणून निभावतंय."

"घरी बोललात?"

"छे! बायको नोकरी सोडायला लावेल."

आईने आकडा चिठ्ठीवर टिपला. "परवा चष्मा मिळेल. तोवर रजा टाका. माझ्यासाठी नको, थांब्यावर जी माणसं उभी असतात त्यांच्यासाठी."

तो निमूटपणे बरं म्हणाला. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. चष्मा काढला की समोरचा माणूस पुसट होतो, आणि पुसट माणसाशी लोक खरं बोलतात. आईच्या पुस्तकांतली निम्मी माणसं त्या स्टुलावर बसून गेलेली होती. त्यांतल्या एकालाही त्याची गंधवार्ता नव्हती.

दहाव्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासून आणली होती. ती तिच्यापुढे ठेवली.

"प्रकाशकबाईंचा फोन आला होता," मी म्हणाले. "या वेळी त्यांना मागच्या पानावर तुझा फोटो हवाय. आणि परिचय, नीट शंभर-सव्वाशे शब्दांचा."

"फोटो आहे की त्यांच्याकडे."

"आई, तो आत्याचा आहे."

"असेना. स्वच्छ आहे, दोन्ही कान दिसतायत, नजर समोर आहे. आणखी काय पाहिजे?"

"वाचणाऱ्याला वाटतं गं, हे कुणी लिहिलं ते बघावं. त्यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही. मीसुद्धा बघतेच ना, दुसऱ्यांच्या पुस्तकांवर. आधी फोटो, मग पहिलं पान." तिने चष्म्याची एक काडी दिव्यासमोर धरून किंचित वाकवली. "पण मग पहिलं पान वाचताना ते तोंड सारखं मधे मधे करतं."

"म्हणजे द्यायचा नाही."

"बघू."

आमच्या घरात 'नाही' हा शब्द आईने फारसा वापरलाच नाही. 'बघू' म्हटलं की सगळे समजून घ्यायचे. मी चिडले, पिशवी उचलली आणि निघाले. तिने हात हलवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. काडी अजून सरळ झाली नव्हती.

बुधवारी सकाळी कामावर निघताना सँडलचा पट्टा लावायला ती दारातल्या खुर्चीवर बसली, आणि उठली नाही.

* * *

त्या फोटोसारखा घोळ फक्त आमच्याच घरात होऊ शकत होता.

आजोबांनी फोटोस्टुडिओ काढला तेव्हा एक नेम घालून दिला होता. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नंबर टाकायचा. घरच्यांच्या पाकिटावर नंबर नाही, नुसतं 'घरचं'. घरच्या माणसाला कोण चुकेल, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी तो नेम पुढे चालवला. एकतीस वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात त्यांनी दोन घरचे फोटो काढले. एक आईचा, तिच्या पहिल्या पुस्तकासाठी. दुसरा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. तिला मोटार शिकवण्याचा परवाना काढायचा होता. दोन पाकिटं, दोन्हींवर 'घरचं', आणि बाबांनी एक प्रकाशकाकडे पाठवलं, एक परवान्याच्या कचेरीत.

पुस्तक आलं. मागे आत्या. बाहेर काढलेली हनुवटी, आणि समोरच्याने ब्रेक उशिरा दाबला तर काय करू, असा भाव.

परवाना आला. त्यावर आई, अर्ध्या गालावर शिक्का.

म्हणे आई त्या दिवशी इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. थोरल्या प्रकाशकांनी, आताच्या प्रकाशकबाईंच्या वडिलांनी, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतो म्हणून सांगितलं. आई म्हणाली, राहू दे. फोटोखाली तिने दिलेलं एकच वाक्य होतं : 'लेखिका नोकरी करतात.' नऊ पुस्तकं झाली, पुरस्कार झाले, तिथे तेच वाक्य आणि तीच हनुवटी. आत्याला लोक बाजारात थांबवू लागले. आत्याने आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही. वाचायला लागलं की तिला गाडी लागल्यासारखं होतं. तेव्हा आईने तिला एक उत्तर शिकवून ठेवलं होतं : "सांगायचं ते लिहून झालंय." आत्या ते अशा काही थाटात म्हणायची की विचारणारा घरी जाऊन वहीत उतरवून ठेवायचा.

म्हणून आई गेल्यावर वर्तमानपत्रांनी छापला तो आत्याचा फोटो.

पुढचं मला आत्याने नंतर सांगितलं, हातवाऱ्यांसकट. पाचव्या दिवशी ती कामावर गेली. घरात बसवत नव्हतं, आणि हातात स्टिअरिंग नसलं की तिला विचार करता येत नाही. पहिली शिकाऊ एका दवाखान्यातली परिचारिका. आत्याने तिच्या दारात गाडी लावून नेहमीसारखे दोन हॉर्न दिले. वरची खिडकी उघडली, किंचाळी आली, खिडकी बंद झाली.

"अहो, खाली या! सात वाजून गेले!"

बऱ्याच वेळाने ती खाली आली आणि गाडीपासून चार हात लांब उभी राहिली. "तुम्ही... पेपरात..."

"मी नाही गेले. माझी वहिनी गेली. बसा."

ती बसली, पण किल्ली फिरवेना. "मग फोटो तुमचा कसा?"

आत्याने सांगायचा प्रयत्न केला. पाकिटं, कचेरी, शिक्का. इतकी वर्षं जे घरात विनोद म्हणून सांगितलं जायचं, ते मोठ्याने सांगताना भलतंच वाटायला लागलं. परिचारिका ऐकून घेत राहिली आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही नुसत्याच...?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, असं आत्या पुन्हा पुन्हा म्हणते. पण शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. गाडी सुरूही झाली नव्हती, तरी आत्या त्यावर पाय गच्च रोवून बसली होती.

त्या दिवसापासून ती बाहेर पडताना काळा गॉगल लावायला लागली.

* * *

तिसऱ्या रविवारी दुपारी आम्ही सगळे स्टुडिओत जमलो. बुधवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. आईने पुस्तकांचे हक्क माझ्या नावे करून ठेवले होते, त्यामुळे मागच्या पानावर काय जायचं त्याच्या कागदावर सही माझी लागणार होती. प्रकाशकबाईंनी तो कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं. फोटो कुणाचा, ती ओळ कोरी होती. परिचय, तीही.

बाबांनी आई गेल्यापासून स्टुडिओ उघडला नव्हता. आज उघडला, पण ते आमच्यात बसले नाहीत. मागे दिव्यांशी काहीतरी करत होते.

मामा चार पानं लिहून घेऊन आला होता. तो निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्याला हेडसर म्हणतात, घरचेसुद्धा. आईचा धाकटा भाऊ.

"आधी माझं ऐका," तो म्हणाला. "एकतीस वर्षं मी गप्प बसलो. ताई म्हणाली म्हणून. पण माझ्या बहिणीच्या पुस्तकावर दुसरीचं तोंड, हे मला कधीही पटलेलं नाही."

"हेडसर, जपून," आत्या म्हणाली. "ते तोंड इथे बसलंय."

"आधी तो गॉगल काढ. खोलीत ऊन आहे का?"

"ऊन नाही, पण तुम्ही आहात."

माझी लेक खुदकन हसली. मामाने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला. "'लहानपणापासूनच अत्यंत कुशाग्र बुद्धीच्या...'"

"गणितात नापास झाली होती," आत्या म्हणाली. "तिनेच सांगितलंय."

"एकदा! ताप होता तेव्हा." मामाने पान जोरात उलटलं. "'ज्ञानार्जनाची ओढ, वाणीत माधुर्य...'"

"मामाआजोबा," लेक म्हणाली, "हे आजीबद्दलच आहे ना?"

प्रकाशकबाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्या माझ्याच वयाच्या. वडिलांनी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हे गुपितही त्यांच्या हवाली केलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या भावना बरोबर आहेत. पण सव्वाशे शब्दच मावतील. आणि एक स्पष्टच सांगते. आज वाचक विचारतात, रोज विचारतात. पुस्तक आवडलं की त्यांना माणूस हवा असतो."

"लोकांना लेखक कुठल्या मगातून चहा पितो तेही बघायचं असतं," लेक म्हणाली. "सगळे टाकतात फोटो. मगाचा, टेबलाचा, खिडकीचा."

"ताईचा मग कोणता होता?" मामाने एकदम विचारलं.

"कान तुटलेला."

मामा आपल्या चार पानांकडे बघत राहिला. त्यात मग नव्हता.

मग तो माझ्याकडे वळला. "तू का बोलत नाहीस? सही तुझी आहे. दर आठवड्याला जगातल्या पुस्तकांवर लिहितेस. ताईच्या एका तरी पुस्तकावर लिहिलंस का ग?"

"घरच्यांवर लिहायचं नाही, हा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

"सोयीचा आहे."

मुद्रितं तपासून दिल्यावर आई दर वेळी विचारायची, "कसं वाटलं?" मी म्हणायचे, "सहाव्या प्रकरणात एक परिच्छेद लांबलाय." तो लांबलेला असायचा. ती तो कापायची. नऊ पुस्तकं, नऊ वेळा. दहाव्या वेळी आम्ही फोटोवरून भांडत बसलो आणि तिने विचारलंच नाही.

"माझं म्हणणं," मी म्हणाले, "आईचा फोटो जावा. मी तिला त्या दिवशीही हेच सांगत होते. तिचं काम आहे, तिचा चेहरा असावा."

"माझंही तेच," आत्या म्हणाली. गॉगल अजून डोळ्यांवरच. "काढा माझा. सगळ्या पुस्तकांवरून काढा. मी काही चोरलेलं नाही. पण आता लोक असे बघतात, की मी..." ती थांबली. "मी कुणाचं काही घेतलेलं नाही."

"असं कुणी म्हटलं?" मामा म्हणाला.

"तुम्ही! आत्ताच! दुसरीचं तोंड म्हणालात."

मामा गोंधळला. "मी तक्रार भावोजींची करत होतो. तुझी नाही."

"तुम्हाला एक सांगते, हेडसर. आणि तुम्हाला सगळ्यांनाच." आत्याने शेवटी गॉगल काढला आणि मांडीवर ठेवला. "दर पुस्तकाच्या वेळी वहिनी माझ्याकडे यायची. गाडीत येऊन बसायची, शिकाऊ बसतो त्या जागेवर. आणि विचारायची, 'अजून चालेल ना?' दर वेळी. मागच्या वेळी मी म्हटलं, वहिनी, आता बास. बायका मला अडवून विचारतात, त्या थोरल्या सुनेचं पुढे काय झालं. मला काय माहीत कोण थोरली सून! तर म्हणाली, 'तू त्यांना दिसतेस, म्हणून मी त्या स्टुलासमोर बसू शकते. उद्या मला ओळखायला लागले ना, तर चष्मा काढतील आणि तोंडावर कुलूप लावतील. मग मी लिहू काय?'"

स्टुडिओ आणि चष्म्याचं दुकान शेजारीशेजारी; मधल्या भिंतीत एक आतलं दार आहे. पलीकडे ते स्टूल. आमच्यापैकी दोघंतिघं नकळत तिकडे बघायला लागली.

"मला नाही कधी हे सांगितलं," मामा म्हणाला. आवाज लहान झाला होता.

"तुम्ही भाषण केलं असतं."

"केलं असतं," मामाने कबूल केलं. त्याने चार पानांची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. मग खुर्ची उचलून आत्याच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तिथे बसला. "मग माझं मत बदललं. ताईची इच्छा हीच असेल तर फोटो हिचाच राहू दे. आणि कुणी हिला काही बोललं तर माझ्याकडे पाठवा."

"मला नकोय!" आत्या म्हणाली.

"तुला हवं-नको कोण विचारतंय? ताईने ठरवलेलं आहे."

"आत्तापर्यंत काढा म्हणत होतात!"

"आत्तापर्यंत मला माहीत नव्हतं!"

दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांवर ओरडत होती. पाच मिनिटांपूर्वी एका बाजूला मामा, मी आणि आत्या होतो. आता मामा पलीकडे गेला होता, आणि मलाही माझी बाजू धड सापडेना. आईने नको म्हणायचं कारण आता मला कळलं होतं. तिला दाखवावं म्हणणं म्हणजे तिचं ऐकलंच नाही असं होणार. न दाखवावं, तर तिने दिलेलं शेवटचं पुस्तक बिनचेहऱ्याचं जाणार. मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

* * *

बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते कमी बोलतात; माणसाला खुर्चीवर बसवून 'हनुवटी थोडी खाली' म्हणण्याइतकंच त्यांना आयुष्यभर बोलावं लागलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी मागे दिव्यांपाशी उभे असताना ते एकच गोष्ट मोजत होते, की आपल्या एका चुकीवर किती माणसं एकतीस वर्षं उभी आहेत. त्यांना ती चूक कधी बोचली नव्हती, कारण आई हसली होती. आता हसणारी नव्हती, आणि बहीण खोलीत काळा चष्मा लावून बसली होती.

ते पुढे आले. हातात पाकिटांचा एक गठ्ठा. खाकी पाकिटं, कोपरे मऊ झालेले, प्रत्येकावर 'घरचं'.

"पुस्तक संपलं की ती यायची," ते म्हणाले. "त्या दारातून. या खुर्चीवर बसायची. म्हणायची, 'काढा.' एकच काढायचा. दुसरा काढू द्यायची नाही."

"कशाला?" लेकीने विचारलं.

"मी नाही विचारलं. तीही नाही बोलली."

त्यांनी पाकिटं एकेक करून उघडली आणि फोटो टेबलावर ओळीने मांडले. दहा. पहिला मात्र मूळचा नव्हे, तो परवान्याच्या कचेरीत गेला होता. त्याची बाबांनी नंतर दुसरी प्रत काढली होती, तीच आधी ठेवली. तिथून पुढे आई एकेका पुस्तकाने मोठी होत गेलेली. केस मागे जाताना, गालाखाली रेघ येताना, नजर मात्र दर वेळी आणखी स्थिर. कुठेही हसलेली नव्हती. काम हातावेगळं केलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा. दहाव्यात तिच्या बोटाला चष्म्याच्या काचेचा चुरा लागलेला होता.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"मंगळवार. दुकान बंद करून आली. तू भांडून गेलीस, त्याच संध्याकाळी."

मामाने चष्मा काढला आणि पुसत राहिला. आत्या फोटोंवरून बोट न लावता हात फिरवत होती, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, आणि परत.

"तिला लपायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "लपायचं असतं तर इथे बसली नसती. तिला काम करायचं होतं. ते झालंय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता त्या स्टुलासमोर कुणी बसायचं राहिलेलं नाही. लोकांनी ओळखलं तर ओळखू दे. अभिमानाने ओळखू दे. पण सही तुझी. मी चुकीचा फोटो एकदा पाठवलाय, मला विचारू नका."

आत्या म्हणाली, "दहावा."

"दहावा," मामा म्हणाला.

"आजी भारी दिसते यात," लेक म्हणाली. "घाबरायला होतं."

मी कागद ओढला आणि फोटोच्या ओळीवर 'दहावा' लिहिलं.

"आणि आधीच्या नऊ पुस्तकांचं?" प्रकाशकबाईंनी विचारलं. "खुलासा द्यावा लागेल. कसा शब्दात घालायचा?"

"तो मी सांगतो," बाबा म्हणाले, आणि ताठ उभं राहून, जणू फोटो काढून घेताहेत असं, सांगायला लागले. प्रकाशकबाईंची बोटं लॅपटॉपवर चालायला लागली. "'आधीच्या पुस्तकांवरचं छायाचित्र लेखिकेच्या नणंदेचं आहे. चूक छायाचित्रकाराची. छायाचित्रकार म्हणजे लेखिकेचे पती. नणंदेने ती चूक लेखिकेच्या विनंतीवरून एकतीस वर्षं सांभाळली. त्याशिवाय ही पुस्तकं लिहून झाली नसती.'"

आत्याने गॉगल उचलला, लावला, पुन्हा काढला. "माझा धंदा नाही लिहिलात."

"काय लिहू?"

"'त्या मोटार शिकवतात.'" ती जरा थांबली. "'आजवर त्यांच्या हाताखाली दोन हजारांवर माणसं शिकली.' हे पण घ्या. आणि त्या परिचारिकेला एक पुस्तक पाठवा. पत्ता देते मी."

"दोन हजार?" मामा म्हणाला.

"तुमच्या शाळेतनं किती पास झाले?"

मामा खिशातल्या घडीवर हात ठेवून म्हणाला, "परिचय मात्र राहिलाच." त्याने ती चार पानं मला दिली नाहीत. "तूच सांग. तुला येतं."

"लिहायला वेळ लागेल," मी म्हणाले.

"लिहू नका, बोला," प्रकाशकबाई म्हणाल्या. "मी टंकते."

मला उभं राहावंसं वाटलं. मी उभी राहिले. कॉलेजात शिकवताना मी रोज वर्गात उभी राहून बोलते, त्यामुळे सुरुवात सोपी गेली. मी म्हटलं की लेखिका चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षं काम करत होत्या. फ्रेम बसवणं, काच घासणं, अंतर मोजणं ही त्यांची कामं. गणितात एकदा नापास झाल्या होत्या. 'ताप होता,' मामा पुटपुटला; मी तेही घेतलं. त्यांचा चहाचा मग कान तुटलेला होता आणि तो त्यांनी टाकू दिला नाही. त्या सकाळी पाच ते सात लिहीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि सात वाजता कागद बाजूला सारून तिथेच डबे भरत. लोकांनी सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी जशीच्या तशी लिहिली नाही आणि एकही विसरल्या नाहीत. त्यांनी दहा पुस्तकं लिहिली.

"झाले शब्द?" मी विचारलं.

"दहा-पंधरा उरलेत." प्रकाशकबाईंनी मान वर केली. "खाली कुणाचं नाव घालू? परिचय कुणी करून दिला? तुमचं नाव लोकांना माहीत आहे. समीक्षक म्हणून घालू का?"

"नको. मुलगी घाला."

त्यांनी टंकलं. पडद्यावर तो शब्द उमटताना मला दिसला. टेबलावर दहा फोटो होते आणि दहाही ठिकाणी ती सरळ समोर बघत होती. मुद्रितं हातात घेऊन विचारायची, तशीच वाट बघत. बाबा माझ्या मागे होते.

"अजून एक वाक्य," मी म्हणाले, आणि ते प्रकाशकबाईंकडे बघून सांगायचं होतं, पण मी दहाव्या फोटोकडे बघत होते.

"आई, मी आयुष्यभर वाचतच आलेय. तुझ्याइतकं चांगलं लिहिणारं मला कुणी भेटलं नाही. हे मला पहिल्याच पुस्तकापासून माहीत होतं."